रांजणाचं झाकण

त्यांना कोणी नमस्कार केला की ते आधी मागे वळून बघत. मागे दुसरं कोणी नाही अशी खात्री झाली की मग विचारत, "काय काम काढलंस?" कामाशिवाय माणूस नमस्कार करत नाही, हे त्यांचं ठाम मत होतं. माझ्या बाबतीत ते बहुतेक वेळा खरंही असायचं, कारण मी त्यांची भाडेकरू होते आणि एखादं कौल सरकलं किंवा नळ गळायला लागला की मला नमस्कार आठवायचा.

रत्नागिरीत त्यांच्या घराची रस्त्याकडची खोली मी दुकानासाठी घेतली होती. नवं शतक नुकतंच लागलं होतं. लग्नपत्रिका, अर्ज, मुलामुलींचे बायोडेटा आणि मोसमात आंब्याच्या पेट्यांवर चिकटवायची लेबलं, असलं सगळं मी करून द्यायचे. कॉम्प्युटर एकच. तो मुंबईत एका ओळखीच्या मुलाने सुटे भाग जुळवून तयार करून दिला होता. कामाला वेगवान, पण डोक्याने भयंकर तापट. तो चालला तर दुकान चालणार होतं. तो बसला की मी परत दिवसभर घरी, वडिलांच्या "आता तरी स्थळं बघायची ना?" या वाक्यापुढे. माझा सगळा डोलारा त्या एका खोक्यावर होता.

खोली देताना काकांनी, म्हणजे या घरमालकांनी, स्वतःचं कुलूप दिलं. "किल्ल्या दोन. एक तुझी, एक माझ्याकडे. आणि तुझी किल्ली कोणाला देऊ नको हो. सख्ख्या भावालासुद्धा नाही." दुसरी किल्ली त्यांच्या जानव्याला गेली. तिथे आधीच कपाटाची, ट्रंकेची आणि विहिरीवरच्या मोटरच्या पेटीची अशा तीन-चार किल्ल्या बांधलेल्या होत्या. काका चालायला लागले की सदऱ्याच्या आतून किणकिण यायची. त्यामुळे ते येताहेत हे दहा पावलं आधी कळायचं, एवढी एक सोय होती.

संशय हा त्यांचा पूर्णवेळचा उद्योग होता. फोनवर पलीकडच्या माणसाने नाव सांगितलं की ते "कशावरून?" म्हणून विचारत. तिथी दोन पंचांगांत ताडून बघत, आणि दोन्हींत एकच निघाली की एकाने दुसऱ्याची चोरली म्हणत. मी पहिली पत्रिका छापली तेव्हा कॉम्प्युटरवर पाच इंच दाखवत होतं. काकांनी पट्टी लावली, पाचच भरली. मग त्यांनी घरातून दुसरी पट्टी आणली, तिसरी आणली आणि तिन्ही पट्ट्या एकमेकींना लावून बघत बसले. पत्रिकेवाले उन्हात उभे होते. मला त्या तीन पट्ट्या मोडून चुलीत घालाव्याशा वाटल्या होत्या.

याचं मूळ मला काकूंनी एकदा तांदूळ निवडता निवडता सांगितलं. काका सरकारी पाणीयोजनांवर नोकरीला होते. नवे नवे असताना डोंगरावरच्या एका गावात त्यांनी पंप तपासून घेतला. पाटीवर पाच अश्वशक्ती लिहिलेलं. त्यांनी पाटी वाचली आणि सही केली. पंप निघाला तीनचा. ठेकेदाराने रंग मारून वर दुसरी पाटी ठोकली होती. उन्हाळ्यात टाकीत पाणी चढेना, आणि त्या गावच्या बायका पुन्हा पूर्वीसारख्या खाली नदीवर उतरायला लागल्या. "सही माझी होती, एवढंच बोलायचे," काकू म्हणाल्या. "ठेकेदाराला कधी शिवी नाही दिली हो त्यांनी. स्वतःलाच देत बसायचे." तेव्हापासून काका कुठल्याच वस्तूवरची पाटी वाचत नसत. मुद्दाम डोळे दुसरीकडे करत.

माझ्या पहिल्याच मे महिन्यात कॉम्प्युटर तापून बंद पडायला लागला. खोली पश्चिमेची, वर कौलं, हवा खारट आणि चिकट. आतला पंखा धूळ आणि मीठ खाऊन किरकिरायचा, आणि दुपारी साडेचारच्या सुमाराला पडदा काळा व्हायचा. मी वहीने वारा घालत बसायचे. काकांनी दारातून हे दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी आत येऊन त्यांनी खोक्यावर तळहात ठेवला.

"वाऱ्यावर कसला भरवसा ठेवतेस गो? इंजिन गार कशाने होतं? पाण्याने."

"काका, कॉम्प्युटरात पाणी?"

"कॉम्प्युटरात नाही. कॉम्प्युटराच्या अंगावरून."

मी खोक्यापुढे आडवी झाले. पण काकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच संशय सोडून दुसरं काहीतरी दिसत होतं. फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून त्यांनी काडेपेटीएवढी तांब्याची बंद डबी करून घेतली. तिला दोन नळ्या, एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. डबी तापणाऱ्या भागावर घट्ट बसवायची आणि पाणी मातीच्या मोठ्या रांजणातून फिरवायचं. एवढं ठरवायला त्यांना आठवडा लागला. पाणी फिरवणारा पंप निवडायला मात्र पाच महिने लागले.

पंप स्वस्त हवा होता, आणि तो चिक्कूपणा नव्हता. महाग पंपावर मोठी पाटी असते, म्हणून त्यांना तो अधिकच संशयास्पद वाटे. माशांच्या काचपेटीत टाकतात तो त्यांनी आणला. कूलरमधला पंप आणायला ते स्वतः हातखंब्याला, हायवेच्या तिठ्यावर, गेले आणि कोल्हापूरहून आलेल्या ट्रकवाल्याच्या हातून घेतला, कारण तिथून रत्नागिरीपर्यंतच्या वाटेत वस्तू बदलली जाते असा त्यांचा दावा होता. मग गणपती झाले. गणपतीच्या आरासीत छोटी कारंजी करतात, त्यांतले पंप विसर्जनानंतर दुकानदार मिळेल त्या किमतीला काढून टाकतात. काकांनी ते पिशवीभर उचलले. दुकानदार म्हणाला, "चांगले आहेत हो काका, दहा दिवस नुसते खणखणीत चालले." काका मला येऊन म्हणाले, "या सगळ्यांत हाच एक खरं बोलला. दहा दिवस म्हणाला."

पडवीत ओळीने बादल्या आणि घंगाळं मांडली गेली. प्रत्येकात एक पंप, प्रत्येकाला नळी, आणि भिंतीवर पेन्सिलीच्या तीन खुणा: गुडघ्याएवढी, कमरेएवढी, टेबलाएवढी. नळीचं तोंड खुणेशी धरायचं आणि कळशी किती वेळात भरते ते घड्याळावर बघायचं. जमिनीलगत सगळेच पंप शूर होते. कमरेपाशी निम्मे दमले. टेबलाच्या खुणेशी नळीतून सुतासारखी धार यायची, किंवा तीही नाही. "पाटीवरचे लिटर हे जमिनीवरचे लिटर असतात," काका म्हणाले. "वर चढवायचं म्हटलं की खरा कोण ते कळतं." मग ते स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटून ऐकत बसत. आतला दांडा डगमगतो की सरळ फिरतो, ते त्यांना त्यातून ऐकू येई. मला नुसती घरघर ऐकू यायची.

आता तांब्याच्या नळ्या, रांजण, बादल्या आणि दिवसरात्र घुमणारा आवाज, म्हटल्यावर शेजाऱ्यांच्या मनात पाल चुकचुकली. एक दिवस हवालदार "सहज" आले. पडवीत उभे राहून नाक वर करून वास घ्यायला लागले. म्हाताऱ्याने हातभट्टी टाकलीय, अशी खबर होती. मी लाजेने आत पळाले. काका मात्र खुलले. एवढे आनंदी मी त्यांना क्वचितच बघितलं.

"संशय घेतलात ते उत्तम केलंत," ते हवालदारांना म्हणाले. "पण नुसत्या वासाने काय सिद्ध होतं? चाखून बघा."

"नको, राहू दे काका."

"राहू दे कसं? सात बादल्या आहेत. सातही चाखा. एकीतच दारू असेल तर?"

हवालदारांना सात बादल्यांतलं विहिरीचं पाणी एकेक घोट प्यावं लागलं. शेवटी ते चहा तरी द्या म्हणाले. जाताना काका त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत गेले आणि खबर कोणी दिली ते विचारलं. भांडायचं म्हणून नव्हे, तर गल्लीत आपल्याखेरीज आणखी कोणाचं लक्ष असतं ते कळावं म्हणून.

उत्तर सापडलं ते अगदी साध्या रीतीने. एका दुपारी वैतागून काकांनी परतीच्या नळीतली हवा तोंडाने ओढून काढली, आपण पिंपातलं रॉकेल काढताना ओढतो तशी, आणि पाणी आल्याबरोबर तिचं टोक रांजणात पाण्याखाली बुडवलं. दोन्ही नळ्या पाण्याने भरल्या, आणि मघाचा दमेकरी पंप टेबलाच्या उंचीवरून बिनतक्रार पाणी फिरवायला लागला. एका बाजूने उतरणारं पाणी दुसऱ्या बाजूच्या पाण्याला वर ओढत होतं. पंपाला फक्त ढकलत राहायचं होतं. काका कितीतरी वेळ बघत बसले. "पाच महिने मी ताकदवान शोधत होतो," ते म्हणाले. "इथे नुसता न थांबणारा हवा होता."

तो रांजण माझ्या दुकानात कोपऱ्यात, मोरीशेजारी बसला. वर आंब्याच्या फळीचं झाकण, त्याला नळ्यांपुरती खाच. आत विहिरीचं पाणी, चार पदरी फडक्यातून गाळलेलं. आमच्याकडचं पाणी जांभ्या दगडातून झिरपून येतं, त्याला बारीक लाल गाळ असतो. पाण्यात काकांनी पाच बारके मासे सोडले. डास होऊ नयेत हे एक कारण. दुसरं कारण त्यांनी सांगितलं ते असं, की पंपातून करंट पाण्यात उतरला तर आधी मासे मरतील. टेस्टरचा दिवा खोटं बोलू शकतो.

"झाकण उघडायचं नाही," त्यांनी मला बजावलं. "खूण केलेली आहे. हललं की मला कळणार."

"पण पंप बंद पडला तर?"

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि जन्मात कोणाला दिली नसेल अशी हमी दिली. "नाही पडायचा. मी निवडलाय. मी गेलो तरी हा चालेल."

आणि तो चालला. पुढचा मे आला, गेला. बाहेर माणसं घामाने निथळत असताना माझा कॉम्प्युटर शांत असायचा. पंपाची बारीक घूं घूं मला इतकी अंगवळणी पडली की ती ऐकू येईनाशी झाली. दुकान उभं राहिलं. वडिलांनी स्थळांचा विषय काढणं सोडलं, किंवा निदान जेवताना तरी सोडलं.

आता मला माझ्याबद्दल सांगायला हवं, आणि ते मला फारसं आवडत नाही.

संशय संसर्गजन्य असतो. दुपारी एक ते चार आमच्याकडे बाजार झोपतो. मीही दुकान बंद करून घरी जेवायला जायचे. परत आल्यावर कधी कधी फरशीवर ओलं पाऊल उमटलेलं असायचं. कधी माझी खुर्ची दोन बोटं सरकलेली. कधी तपकिरीचा वास, आणि तपकीर ओढणारं घरात एकच माणूस होतं. मी आधी दुर्लक्ष केलं. मग एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई संस्थेविरुद्धचा तक्रार अर्ज माझ्याकडे टाइप करून घेऊन गेल्या. कोणाला कळता कामा नये असं दहादा सांगून गेल्या, आणि दोन दिवसांत तो अर्ज गावभर झाला. बाई माझ्यावर येऊन थयथयाट करून गेल्या. "तुमच्या दुकानातून कागद बाहेर जातात," हे वाक्य त्यांनी बाहेर रस्त्यावर उभं राहून म्हटलं.

माझ्या मनात कागद, ओलं पाऊल आणि जानव्याची किल्ली एका ओळीत येऊन बसले. पट्ट्या ताडून बघणारा माणूस माझे कागद ताडून बघत नसेल कशावरून? मी दाराच्या फटीत काळा दोरा लावून गेले. आले तेव्हा तो तुटलेला होता. मी काकांना विचारायला हवं होतं. विचारलं नाही. दोन वर्षं त्यांच्या हाताखाली मी जे शिकले होते तेच केलं. शुक्रवारी नवं कुलूप आणून लावलं, आणि त्याच्या दोन्ही किल्ल्या माझ्या पर्समध्ये ठेवल्या.

शनिवारी मी मुद्दाम जेवायला गेले नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात उभी राहिले. दीडच्या सुमाराला काका आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी. त्यांनी सदऱ्यात हात घालून किल्ली काढली, लावली, फिरेना. वाकून कुलूप बघितलं. मी तेवढ्यात पुढे झाले. चोर पकडल्याचा जो आनंद असतो, तो मला झाला होता, खोटं कशाला बोलू.

"काय काका, काही हवं होतं?"

ते दचकले नाहीत. कुलूप हातात घेऊन उलटंपालटं करून बघत होते. "नवं आणलंस?"

"हो. कागद बाहेर जाताहेत म्हणे."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग कुलपाला बोटाने टकटक केलं. "चांगलं आहे हो. जड आहे. ठोकून बघितलंस ना आणताना?"

"बघितलं."

"बरं केलंस." पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. "जरा आत येऊ? दोन मिनिटं."

"आता नको काका. मला मोसमाची लेबलं संपवायची आहेत."

"बरं." दोन पावलं जाऊन ते थांबले. "रांजणातला आवाज ऐकत जा मात्र. कान ठेव." आणि किणकिणत निघून गेले. मी मनात म्हटलं, आता हा माणूस मला माझ्या दुकानात काय ऐकायचं तेही सांगणार.

बुधवारी, चारशे पेट्यांची लेबलं अर्धी झालेली असताना, पडदा काळा झाला आणि जळका वास आला. मी तांब्याच्या डबीला हात लावला आणि भाजून मागे घेतला. खोलीत शांतता होती. घूं घूं नव्हती. ती कधी थांबली, मला सांगता आलं नसतं, मी रेडिओ लावून बसले होते.

दीड वर्षात पहिल्यांदा मी रांजणाचं झाकण उचललं. मासे मजेत फिरत होते. तळाशी पंप लाल गाळात बसला होता, मुका. झाकण पालथं घालून खाली ठेवताना मला त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीची अक्षरं दिसली. काकांचं अक्षर, सरकारी, ठसठशीत.

पहिला, गणपतीचा: दीड महिना. दगा. दुसरा, गणपतीचा: सात आठवडे. दगा. तिसरा, कूलरचा: तीन महिने, बरा वाटला. दगा. चौथा, पाचवा, सहावा. असे नऊ पंप होते. नवव्यापुढे लिहिलं होतं: आवाज बदललाय. शनिवारी दुपारी बदलणे.

मी फरशीवर बसले. कागदांचं नंतर कळलं, बाईंनी तो अर्ज स्वतःच तीन मैत्रिणींना वाचून दाखवला होता. पण ते कळायची गरजच उरली नव्हती. माझ्या पंपाला काही होत नव्हतं कारण तो कधी एक पंप नव्हताच. दर थोड्या दिवसांनी एक म्हातारा दुपारची झोप सोडून यायचा, पंपाला कान लावायचा, लागला तर ओल्या हातांनी बदलायचा, माशांना चिमूटभर तांदळाचं पीठ टाकायचा आणि कोणाला न सांगता जायचा. आणि मी त्याच्यासाठी दोरा लावला होता. मला लाज वाटली आणि त्यांचा रागही आला, दोन्ही एकदमच.

मी झाकण घेऊन मागच्या दारी गेले. काका पायरीवर बसले होते. झाकण बघून त्यांना सगळं समजलं.

"जळला?"

"जळला. काका, तुम्ही शनिवारी सांगितलं का नाहीत?"

"काय सांगणार?" ते म्हणाले. "तुला संशय आला होता. संशय आलेल्या माणसाला, मला आत सोड, असं म्हणायचं कसं? मी असतो तर सोडलं नसतं." मग झाकण माझ्या हातातून घेत, माझ्याकडे न बघता, "मी म्हटलं होतं चालेल म्हणून. तू माझी पाटी वाचलीस. पुन्हा तेच झालं."

लेबलांचं काम गेलं. बागायतदाराने ते दुसरीकडून करून घेतलं आणि पुढच्या वर्षीही तिकडेच राहिला. नवा भाग मुंबईहून येईपर्यंत आठ दिवस दुकान बंद होतं, आणि वडिलांनी जेवताना ते वाक्य एकदा म्हटलंच. काकांनी त्या आठ दिवसांत रांजण घासून काढला, पाणी बदललं आणि दहावा पंप माझ्यासमोर बसवला. त्याची हमी मात्र दिली नाही.

दुकान उघडलं त्या दिवशी सकाळी मी पर्समधून नव्या कुलपाची दुसरी किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी हात पुढे केला नाही. "ही कशाला?"

"ठेवा तुमच्याकडे."

"किल्ली कोणाला देऊ नको, सांगितलं होतं ना तुला?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"मग काही नाही. देत्ये."

त्यांनी किल्ली घेतली. उजेडात धरून तिचे दाते बघितले. उठून माझ्या दाराशी गेले आणि कुलपात तीनदा फिरवून बघितली. मग मागे वळून रस्त्यावर कोणी बघत नाही ना याची खात्री केली, सदऱ्याचं बटण काढलं आणि किल्ली जानव्याला बांधली.